लेखनिक हवा, इतिहासाचा नको

माझा पाय हलतो. खुर्चीत बसलो की उजवा पाय आपोआप सुरू होतो आणि मला त्याचा पत्ताही नसतो. करोल बागेत आम्ही जिला लायब्ररी म्हणायचो, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर प्लायवूडच्या फळ्या मारून केलेली खुर्च्यांची दाटी, तिथे माझ्या शेजारी कुणी महिन्याच्या वर टिकलं नाही. एकाने तर चिठ्ठी सरकवली होती, "भाई, भूकंप बंद कर." मी तिच्यावरच "तू दिल्ली छोड़" असं लिहून परत सरकवली. तेव्हा मी असाच होतो. कुणाचं ऐकून घ्यायचं नाही आणि उत्तर दिल्याशिवाय राहायचं नाही.

त्या वर्षी नागरी सेवेच्या पूर्व परीक्षेच्या यादीत तिसऱ्यांदा माझा नंबर नव्हता. खोलीतला जोडीदार पुढे गेला होता आणि दिवसभर आरशासमोर उभा राहून मुलाखतीची उत्तरं म्हणायचा. पुस्तक उघडलं की माझं डोकं उठायचं, मिटलं की अपराधी वाटायचं. मी नुसता चालत सुटायचो. एकदा तर हिंदूरावच्या टेकडीपर्यंत गेलो, तिथे दोन मिनिटं उभा राहिलो आणि परत फिरलो. अशात आमच्या मराठी मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला. "लेखनिक हवा. हिंदी अक्षर स्वच्छ. शिक्षण पदवीपर्यंतच. इतिहासाचा नको."

लेखनिक परीक्षार्थीच्या विषयाचा चालत नाही, आणि मी शेतीचा पदवीधर. अक्षर बरं. आणि रिकामा. खरं सांगायचं तर परोपकार वगैरे काही मनात नव्हतं. कुठेतरी, कुणाच्या तरी नावाने का होईना, परीक्षेला बसायला मिळेल, एवढंच वाटलं.

भेटायचं ठरलं कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहाच्या कँटीनमध्ये. जिला लेखनिक हवा होता ती मुलगी वडिलांबरोबर आली होती. वडील सैन्यात सुभेदार, राहायला छावणीतल्या क्वार्टरमध्ये. ती चौदाव्या वर्षी पूर्ण अंध झालेली, आता इतिहासात एम.ए. करत होती, हिंदी माध्यमातून. सगळे पेपर निघाले होते, एक राहिला होता. तो सुटला तरच पुढे पीएच.डी.ला अर्ज करता येणार होता.

"राहिला कसा?" मी विचारलं. माझ्यात तेवढंही भान नव्हतं.

"मी दहा पानं बोलले, त्याने चार लिहिली," ती म्हणाली. "कॉलेजने ऐनवेळी दिलेला लेखनिक होता. निकालानंतर मी उत्तरपत्रिकेची कॉपी मागवली. बाबांनी वाचून दाखवली. जिथे मोठा शब्द आला तिथे त्याने पूर्ण वाक्यच सोडलं होतं, यार. आता मी प्रत्येक पेपरची कॉपी मागवते. बिल्कुल विश्वास नाही ठेवत."

हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कॉपी ती मागवतेच. हे मला माहीत होतं, हे पुढचं वाचताना लक्षात असू द्या.

मग तिने माझी परीक्षा घेतली. चहाचे कप बाजूला सारले, मला कागद दिला आणि बोलायला लागली. तीन वाक्यं बोलली आणि गप्प बसली. मी वाट पाहिली. ती गप्पच. मान किंचित वाकडी करून ती काहीतरी जुळवत होती. मला वाटलं, विसरली. मी विचारणार तेवढ्यात ती म्हणाली, "टेबल कोण हलवतंय?"

सुभेदारसाहेबांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. "कलेक्टरसाहेबांचा पाय आहे," ते म्हणाले आणि खूप हसले. मीही ओशाळून हसलो.

"एकच नियम," ती म्हणाली. "मी बोलेन तेवढंच लिहायचं. मी गप्प बसले की तुम्ही पण गप्प बसायचं. पेनसुद्धा. मी लिहिलेलं परत बघू शकत नाही ना, म्हणून पूर्ण वाक्य आधी डोक्यात लिहिते, मग बोलते. तेवढा वेळ लागतो."

मला तो नियम जरा अपमानाचाच वाटला. तीन वर्षं उत्तरलेखनाचा सराव केलेला माणूस मी. मला काय गप्प बसायला शिकवतेय! पण मान डोलावली, आणि तिला दिसणार नाही हे आठवून मग "हो" म्हणालो.

त्यानंतरचे दोन रविवार मी छावणीत गेलो, सरावाला. तिथे मला कळलं की तिचा अभ्यास कसा चालतो. मोबाइल तिला वाचून दाखवायचा, इतक्या वेगाने की मला एक शब्द कळायचा नाही. पण बरीच हिंदी पुस्तकं जुन्या छपाईची, त्यांचे फोटो काढले तर मोबाइल नुसती बडबड करायचा. ती पुस्तकं सुभेदारसाहेब वाचायचे. ड्यूटीवरून आले, हातपाय धुतले, की ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने. त्यांचं शिक्षण बारावी, तेही नोकरीत असताना केलेलं. शब्द अडला की ते तिला अक्षरं सांगायचे आणि ती शब्द सांगायची. अख्खा अभ्यासक्रम त्यांनी असा वाचून काढला होता. "आता मलाच बसवा परीक्षेला," ते म्हणायचे. त्यांच्याकडे पाहून मला माझ्या वडिलांची आठवण यायची आणि मी विषय बदलायचो.

एकदा मात्र तिनेच विचारलं, वडील काय करतात? मी सांगितलं, पाटकरी होते. तिला तो शब्द माहीत नव्हता. मग समजावून सांगितलं. कालव्याचं पाणी शेताशेताला सोडणारा सरकारी माणूस, कुणाची पाळी कधी ते त्याच्या हातात. पण कागदावर त्याच्या हातात. खरं तर गावातला एखादा वजनदार माणूस निरोप धाडायचा आणि पाळी बदलायची. वडील घरी येऊन जेवायचे नाहीत. ती मन लावून ऐकत होती. "अच्छा," एवढंच म्हणाली. सुभेदारसाहेब म्हणाले, "नोकरी म्हटली की हे आलंच."

परीक्षेच्या दिवशी धुकं होतं. कॉलेजने वेगळी खोली दिली होती, म्हणजे खेळाच्या सामानाची खोली. एका कोपऱ्यात व्हॉलीबॉलच्या जाळ्या, खिडकीची एक काच फुटलेली. वेगळी खोली ही सवलत, तासामागे वीस मिनिटं जास्त ही दुसरी, आणि मी तिसरी. कागदोपत्री सगळं चोख. त्यासाठी तिने दोन महिने अर्ज केले होते, प्रमाणपत्रं जोडली होती, माझे कागद दिले होते, आणि शेवटी शिक्का मारलेलं एक पत्र तिच्या पिशवीत होतं. सुभेदारसाहेब फाटकाबाहेर उन्हाची वाट बघत बाकावर बसले.

पर्यवेक्षक साहेब वयस्कर होते, मफलर कानापर्यंत ओढलेला. सुरुवातीलाच त्यांनी बजावलं, "आपस में सिर्फ़ हिंदी में बोलिए. कौन क्या बता रहा है, मुझे समझना चाहिए." रास्त होतं. पहिले तीन तास छान गेले. ती बोलायची, मी लिहायचो. ती गप्प बसायची, मी पेन वर धरून जाळ्यांची भोकं मोजायचो. पाय दाबून धरला होता. मनगटावरच्या घड्याळाचं झाकण उघडून ती बोटांनी काटे चाचपायची. चार प्रश्न झाले. एक राहिला होता, आणि एक तास.

तेवढ्यात पर्यवेक्षक उठले आणि म्हणाले, "टाइम ख़त्म. कॉपी दीजिए."

ती म्हणाली, आम्हाला एक तास जास्त आहे. ते म्हणाले, मला तसं काही सांगितलेलं नाही. तिने पत्र काढलं. ते म्हणाले, ऑफिसमध्ये विचारावं लागेल, तोवर लिहिणं बंद. माझं डोकं सटकलं. मी उभा राहून काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते लाल झाले, मी त्याहून लाल. तिने टेबलावर बोटं वाजवली आणि थंडपणे हिंदीत म्हणाली, "आप बैठिए. आपको निकाल दिया तो लिखेगा कौन?"

मी बसलो. साहेब पत्र घेऊन ऑफिसात गेले, दारात शिपायाला उभं करून. पंधरा मिनिटांनी परत आले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "लिखिए." ती पंधरा मिनिटं तिला परत मिळाली नाहीत. तिने घड्याळाचं झाकण मिटलं. मी मात्र आतून उकळत होतो. हिची ही मिनिटं मी भरून काढीन, असं मी ठरवलं. हे ठरवणारा मी कोण, हा प्रश्न मला पडला नाही.

पाचवा प्रश्न मी वाचून दाखवला. उत्तरेतल्या कालव्यांनी शेतकऱ्याच्या जगण्यात काय बदल झाला.

कालवे! माझे कान टवकारले. पाय सुटला.

तिने पहिला मुद्दा सांगितला, दुसरा सांगितला. सारा वाढला, नगदी पिकं आली. मग तिसरा, हिवतापाचा. आणि मग ती गप्प बसली. मान वाकडी. मला दिसत होतं की मिनिटं चालली आहेत. मला दिसत होतं की जमिनीला क्षार येतात हा मुद्दा राहिलाय, जो शेतीच्या पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. क्लासमध्ये आमच्या हाडीमाशी भिनवलेलं असतं की कागद रिकामा सोडायचा नाही. काही सुचलं नाही तर चौकट काढा, बाण काढा, चार शब्द टाका, परीक्षकाची नजर खिळते. माझा हात चालू लागला. चौथा मुद्दा लिहिला. छोटी चौकट काढली, तीत बाण. आंधळ्या मुलीच्या उत्तरात मी आकृती काढली. आज ते वाक्य लिहितानाही लाज वाटते.

ती परत बोलू लागली, तिचं शेवटचं वाक्य सांगितलं. मी ते लिहिलं. ती पुन्हा थांबली. आणि त्या वाक्याला लागूनच मी आणखी एक वाक्य लिहिलं. विचार करून नव्हे. ते कुठून आलं मला माहीत आहे, वडिलांच्या हातातल्या पाळीचं मी मघाशी सांगितलंच आहे. "नहर ने पानी दिया, पर पहली बारी किसकी होगी, यह नहर ने तय नहीं किया."

"पढ़कर सुनाइए," ती म्हणाली.

मी वाचलं. फक्त तिचं. माझं सगळं अलगद गाळून. आवाजसुद्धा अडखळला नाही.

ती ऐकत राहिली. मग हळूच, मराठीत म्हणाली, "मी गप्प होते आणि तुमचं पेन चालू होतं. दोनदा."

मी म्हणालो, "तुमच्या फायद्याचंच आहे. मार्क मिळतील."

"मग तुमच्या पेपरात लिहा ना," ती म्हणाली. "हे पकडलं गेलं तर कॉपी केली म्हणून माझा पेपर रद्द होईल. तुमचा नाही."

"हिंदी में!" साहेब खुर्चीतून ओरडले.

तिने श्वास घेतला आणि अगदी मजकूर सांगितल्यासारखं स्वच्छ हिंदीत म्हणाली, "जो फालतू लिखा गया है, सब काट दीजिए."

मी चौथा मुद्दा खोडला. चौकट खोडली, बाण खोडला, एकेका ओळीवर रेघ मारत. शेवटी त्या वाक्यापाशी आलो. पेन टेकवलं. ते तिच्या वाक्याला चिकटून बसलं होतं, त्याच शाईत, त्याच अक्षरात. तीन वर्षांत मी हजारभर उत्तरं लिहिली असतील, पण त्यात माझं म्हणावं असं काही नव्हतं. हे एक होतं. त्यावरून रेघ ओढवेना.

"सब काट दिया?" तिने विचारलं.

"जी," मी म्हणालो.

या खोडाखोडीत आठ-दहा मिनिटं गेली. तिला आणखी एक मोठा परिच्छेद सांगायचा होता, बायकांच्या पाणी भरण्याबद्दल. तो दोन ओळींतच राहिला. तिने तो महिनाभर घोळवला होता, रविवारी मला दोनदा ऐकवला होता. घंटा झाली तेव्हा ती वाक्याच्या मध्यात होती.

बाहेर ऊन पडलं होतं. सुभेदारसाहेब लगबगीने उठले. "कसा गेला?"

मला वाटलं, आता ती सांगणार. मी तयारीत होतो, भांडायच्या नव्हे, पायावर डोकं ठेवायच्या.

"ठीक गेला, बाबा," ती म्हणाली. "सरांनी जास्त वेळ द्यायला उशीर केला, बस."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "साहेब, तुमचे उपकार कसे फेडू?" घरून आणलेला बेसनाच्या लाडवांचा डबा माझ्या हातात कोंबला. तिने माझ्या दिशेने तोंडही वळवलं नाही. तो डबा घेऊन मी मेट्रोने करोल बागेपर्यंत उभाच आलो. लाडू जोडीदाराने संपवले.

पुढे मला चैन पडेना. फोन करावा वाटे, नंबर काढायचो आणि ठेवायचो. ती कॉपी मागवणार, बाप बोट ठेवून वाचणार, हे रोज आठवायचं. स्वतःला समजवायचो की एका वाक्याने काय होतंय. मग पाय सुरू व्हायचा. लायब्ररीतल्या माझ्या शेजाऱ्याने तेवढ्यात जागा बदलून घेतली.

होळीच्या आसपास तिचा निरोप आला. "पास झाले. पीएच.डी.चा फॉर्म भरला." मी अभिनंदनाची तीन चित्रं पाठवली. तिने काही उत्तर दिलं नाही. मला हायसं वाटलं. सुटलो, असं अगदी मनापासून वाटलं.

नंतर तीन आठवड्यांनी दुपारी तिचा फोन आला. मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या गल्लीत होतो, दोन्हीकडून ठोकाठोक चाललेली. एका दुकानाच्या जिन्याखाली शिरलो.

"कॉपी आली," ती म्हणाली.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबांनी वाचली. खोडलेलं पण वाचायला सांगितलं मी, सगळं कळलं. पण एक खोडलेलं नव्हतं. त्याच्यापुढे परीक्षकाने टिक केलंय. पूर्ण पेपरात तेवढी एकच टिक आहे. ते मी नाही बोलले ना? मला दहा वेळा वाटलं, कदाचित बोलले असेन. मी विसरले असेन."

"नाही," मी म्हणालो. "ते माझं होतं. मी खोटं बोललो. माफ करा."

"ते तर कळलंच," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "प्रॉब्लेम तो नाही. बाबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग बोट तिथेच ठेवून बसले. म्हणाले, सगळी पुस्तकं मी वाचलीत तुला, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. हे तुझं स्वतःचं आहे."

गल्लीत कुणीतरी हॉर्न तपासत होतं, तो वाजतच राहिला.

"रडले ते," ती म्हणाली. "मी काय सांगणार होते? मी हो म्हटलं."

जिन्याखाली मी भिंतीला टेकलो. ती वाट पाहत होती, मान वाकडी करून असणार.

"बोला ना काहीतरी," ती म्हणाली. "पेपरात तर तुम्हाला गप्प राहवत नव्हतं."